'कर्करोग' या संज्ञेचा अर्थविस्तार : निदानसाधनांच्या इतिहासाच्या आधारे एक विवेचन

एखादा शब्द शतकानुशतके तोच राहावा आणि त्याने निर्देशिलेली वस्तू मात्र बदलत जावी, ही भाषेच्या इतिहासातील नित्याची घटना होय. शास्त्रीय परिभाषेत असा बदल सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कारण परिभाषा म्हटली की तिचा अर्थ निश्चित असणारच, असे गृहीत धरले जाते. 'कर्करोग' ही संज्ञा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्राचीन ग्रीक वैद्य ज्या व्याधीला हे नाव देत होते, एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ज्या पेशींना हे नाव देत होता आणि आजचा क्ष-किरणतज्ज्ञ पडद्यावरील ज्या छायेच्या संदर्भात हा शब्द उच्चारतो, त्या तिन्ही गोष्टी एकच आहेत काय, असा प्रश्न उपस्थित होतो. हा प्रश्न केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. त्याच्या उत्तरावर एखाद्या रुग्णाचा अवयव कापावा की न कापावा, हे अवलंबून असते. म्हणून निदानाच्या साधनांचा इतिहास आणि या संज्ञेच्या अर्थाचा इतिहास यांचा परस्परसंबंध प्रस्तुत निबंधात तपासला आहे.

१

हिपोक्राटीसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक ग्रंथसमूहात 'कार्किनोस' आणि 'कार्किनोमा' हे शब्द न भरणाऱ्या व्रणांना आणि कठीण गाठींना लावलेले आढळतात. 'कार्किनोस' म्हणजे खेकडा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने त्याच अर्थाचा 'कान्सेर' हा लॅटिन शब्द योजिला. हे नाव का पडले, याची मीमांसा दुसऱ्या शतकातील गेलन याने केली आहे. स्तनातील गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या पसरलेल्या दिसतात, असे त्याचे म्हणणे. रोगाचे कारण तो कृष्णपित्तात शोधीत होता. पण नाव मात्र त्याने डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावरून समजावून दिले. तेव्हा ही संज्ञा प्रारंभी पूर्णतः दृश्यरूपावर आधारलेली होती, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

संस्कृत वैद्यकाची वाट निराळी होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'ग्रंथी' आणि 'अर्बुद' यांचा भेद केला असून, अर्बुद हे वर्तुळाकार, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असते, असे वर्णन केले आहे. एका अर्बुदावर दुसरे उद्भवल्यास त्यास 'अध्यर्बुद' म्हटले आहे. रक्तार्बुद आणि मांसार्बुद ही असाध्य मानली आहेत. या वर्णनात खेकडा कोठेही नाही. 'सावकाश वाढणारे', 'न पिकणारे', 'असाध्य' ही विशेषणे आकाराची नसून कालगतीची आहेत. ग्रीक नावाने रोगाचे रूप सांगितले, तर संस्कृत लक्षणांनी त्याची वाटचाल सांगितली. पुढील सर्व विवेचनात रूप आणि गती हा भेद महत्त्वाचा ठरणार आहे.

मराठीत आज रूढ असलेला 'कर्करोग' हा शब्द पाश्चात्त्य संज्ञेचे भाषांतर आहे. संस्कृत 'कर्क', 'कर्कट' या शब्दांचे ग्रीक 'कार्किनोस'शी नाते तौलनिक भाषाशास्त्रात सुचविले गेले असले, तरी रोगाचे नाव म्हणून 'कर्क' आपल्याकडे आला तो पाश्चात्त्य वैद्यकाच्या द्वारेच. जुना 'अर्बुद' शब्द मात्र लोपला नाही. गाठ या सामान्य अर्थी तो परिभाषेत टिकला आणि त्याला 'सौम्य' व 'मारक' अशी विशेषणे जोडण्यात आली. 'पेशी' या शब्दाचा प्रवास तर अधिकच उद्बोधक आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात पेशी म्हणजे मांसपेशी, आणि गर्भवर्णनात 'पेशी' व 'अर्बुद' या दोन्ही संज्ञा गर्भाच्या प्राथमिक पिंडरूपासाठी योजिलेल्या आहेत. हिंदीने सजीवाच्या मूलघटकाला 'कोशिका' म्हटले, तर मराठीने तेथे 'पेशी' रूढ केला आणि मांसपेशीसाठी 'स्नायू' वापरला. वाढणाऱ्या गर्भाचे वर्णन करणारे हे दोन शब्द पुढे मराठीत वाढीच्या विकृतीचे शास्त्र सांगण्यासाठी पुन्हा एकत्र आले, हा योगायोगच म्हटला पाहिजे.

'निदान' या शब्दाविषयीही येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वैदिक भाषेत त्याचा अर्थ बांधण्याची दोरी असा होता. वैद्यकात तो रोगाचे मूळ कारण या अर्थी आला. आधुनिक मराठीत त्याचा अर्थ रोगाची ओळख असा झाला. ग्रीक 'डायग्नोसिस' या शब्दात मात्र 'भेद करून जाणणे' हा अर्थ आहे. कारण जाणणे, ओळखणे आणि भेद करणे या तीन क्रिया एका शब्दात सामावल्याने, ओळख पटली म्हणजे रोगाचे सर्व काही कळले असा समज होणे सोपे जाते. कर्करोगाच्या बाबतीत हा समज किती फसवा ठरला, हे पुढे दिसून येईल.

२

१८३८ मध्ये योहानेस म्यूलर याने अर्बुदांच्या सूक्ष्म रचनेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा शिष्य श्वान याने प्राण्यांची शरीरे पेशींची बनलेली असल्याचा सिद्धांत मांडला. म्यूलरचा दुसरा शिष्य रुडॉल्फ फिरखो याने १८५८ मधील व्याख्यानसंग्रहात प्रत्येक पेशी पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते, या तत्त्वावर सर्व विकृतिशास्त्राची उभारणी केली. यामुळे कर्करोग हा बाहेरून आलेला पदार्थ किंवा दूषित रस न राहता शरीराच्या स्वतःच्याच पेशींची वाढ ठरला. तथापि ती वाढ कोणत्या पेशींची, याविषयी फिरखोचे मत चुकले. तिचे मूळ तो संयोजी ऊतकात मानीत होता. १८६५ मध्ये टियर्श याने त्वचेच्या आणि १८६७ मध्ये वाल्डायर याने इतर अवयवांच्या अभ्यासातून कर्काचा उगम अभिस्तर पेशींतून होतो, हे दाखवून दिले.

या काळात 'कर्क' या शब्दाचा निर्देश बदलला. गेलनच्या खेकड्याचे पाय आता अप्रस्तुत झाले. शिरा फुगलेल्या असोत वा नसोत, पेशींची मांडणी विस्कटलेली आणि शेजारच्या ऊतकात घुसलेली दिसली की तो कर्क, अशी नवी कसोटी आली. १८७९ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए याने जिवंत रुग्णाच्या ऊतकाचा तुकडा काढून तपासण्याच्या क्रियेस 'बायॉप्सी' हे नाव दिले. १८९० मध्ये हान्झेमान याने कर्कपेशींच्या विभाजनातील विषमतेकडे लक्ष वेधले. १९१४ मध्ये बोवेरी याने गुणसूत्रांच्या असंतुलनातून मारक अर्बुदे उद्भवतात, असे प्रतिपादन केले.

येथे एक तार्किक अडचण आहे. सूक्ष्मदर्शकाखालील पेशी ही मृत, रंगविलेली आणि स्थिर असते. तिच्याकडे पाहून विकृतिशास्त्रज्ञ 'मारक' असे म्हणतो, तेव्हा तो वर्तमान रूपावरून भविष्याचे विधान करीत असतो. एकोणिसाव्या शतकात ही अडचण जाणवण्याचे कारण नव्हते. रुग्ण वैद्याकडे येई तो गाठ मोठी झाल्यावर. त्यामुळे रूप आणि गती यांची साक्ष सामान्यतः जुळत असे. ही जुळणी प्रत्यक्षात रोगाच्या उशिरा होणाऱ्या निदानावर अवलंबून होती.

३

विसाव्या शतकात निदान जसजसे लवकर होऊ लागले, तसतशी ही जुळणी सैल होत गेली. १९३२ मध्ये ब्रॉडर्स याने ज्या अभिस्तरातील पेशी रूपाने कर्कासारख्या आहेत पण ज्यांनी तळाची सीमा ओलांडलेली नाही, अशा अवस्थेला 'स्वस्थानातील कर्क' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. भाषेच्या दृष्टीने ही घटना क्रांतिकारक होती. पसरणे हे ज्या रोगाचे मुख्य लक्षण, त्याच रोगाचे नाव न पसरलेल्या अवस्थेला प्राप्त झाले.

या सुमारास जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गर्भाशयमुखाच्या स्रावातील सुट्या पेशींवरून कर्क ओळखण्याची पद्धत सिद्ध केली. १९२८ मधील त्यांच्या पहिल्या निवेदनाकडे फारसे लक्ष गेले नाही. त्याच काळात रुमानियात आउरेल बाबेश यांनीही तत्सम पद्धत स्वतंत्रपणे मांडली होती. १९४१ मधील लेख आणि १९४३ मधील ग्रंथ यांनंतर मात्र ही परीक्षा सर्वत्र पसरली. जेथे तिचा नियमित वापर झाला, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले. या एका अवयवात पूर्वावस्थेपासून रोगापर्यंतचा मार्ग बराचसा सरळ आणि दीर्घ असल्याने पूर्वावस्था शोधणे म्हणजे रोग टाळणे, हे समीकरण खरे ठरले. हे यश पुढे सर्व अवयवांना लागू मानले गेले.

प्रतिमांचा इतिहास याला समांतर आहे. रॉन्टगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधून काढले. १९१३ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमोन यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांची क्ष-किरणचित्रे घेऊन ती सूक्ष्मदर्शकाच्या निष्कर्षांशी ताडून पाहिली. डिसेंबर १९६३ मध्ये न्यूयॉर्क येथे सुमारे ६२,००० स्त्रियांवर पहिली मोठी यादृच्छिक चाचणी सुरू झाली. क्ष-किरण आणि हाताने केलेली तपासणी यांच्या योगाने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पहिल्या दशकात सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे तीत दिसून आले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हौन्सफील्ड यांच्या यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले संगणकीय छेदचित्र घेतले गेले.

ही सर्व चित्रे आकाराची होती. क्रियेचे चित्र घेण्याची कल्पना पेशीच्या रसायनशास्त्रातून आली. ओटो वारबुर्ग यांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखविले होते की, अर्बुदाच्या पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही मोठ्या प्रमाणावर साखर वापरून लॅक्टिक आम्ल निर्माण करतात. त्यांची यावरील कारणमीमांसा पुढे टिकली नाही. निरीक्षण मात्र टिकले. पुढे साखरेच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून त्याचा शरीरातील मागोवा घेण्याचे तंत्र उभे राहिले. ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सिद्ध केलेला हा पदार्थ ऑगस्ट १९७६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम मानवी शरीरात दिला गेला. आजच्या 'पेट' चित्रणाचा तो पाया होय.

परंतु येथेही चित्र आणि नाव यांत अंतर आहे. हे यंत्र कर्क पाहत नाही, साखरेचा संचय पाहते. मेंदू आणि हृदय निरोगी असताही उजळून दिसतात. क्षयाच्या गाठीही उजळतात. त्यामुळे क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतासारख्या देशात उजळलेली लसिकाग्रंथी दिसली तरी ऊतकाचा तुकडा तपासल्यावाचून 'कर्क' हा शब्द उच्चारणे धाडसाचे ठरते.

४

साधने जितकी तीक्ष्ण झाली, तितके 'कर्क' या नावास पात्र ठरणारे, परंतु बहुधा कोणास न मारणारे विकार अधिक सापडू लागले. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासात १०१ शवविच्छेदनांत अवटू ग्रंथी बारकाईने छेदून पाहिल्या असता ३६ टक्के शवांत सूक्ष्म कर्क आढळले. या व्यक्ती अन्य कारणांनी मरण पावल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाची कसोटी लावली तर त्या कर्करोगी होत्या. जगण्याची कसोटी लावली तर त्या निरोगी होत्या.

शवागारातील हे ज्ञान जिवंतांना लागू झाले तेव्हा त्याचे परिणाम गंभीर झाले. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय कर्करोग-तपासणी योजना सुरू झाली. अवटू ग्रंथीची तपासणी तिच्यात नव्हती. पण रुग्णालये अल्प मोबदल्यात गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागली. २०११ पर्यंत या कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले, आणि त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेथेच राहिले. रोग खरोखरच पंधरापट वाढला असता, तर मृत्यूंत काही तरी चढउतार दिसला असता. वाढ रोगाची नव्हती, नाव देण्याची होती. ज्यांना ते नाव मिळाले त्यांपैकी बहुसंख्यांची ग्रंथी काढण्यात आली. अशा रुग्णांना जन्मभर संप्रेरकाच्या गोळ्या घ्याव्या लागतात, काहींच्या आवाजाची नस दुखावते. २०१४ मध्ये हे आकडे प्रसिद्ध होऊन चर्चा झाल्यावर अशा शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने उतरली.

यानंतरची घटना भाषाभ्यासकाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सात देशांतील २४ विकृतिशास्त्रज्ञांच्या गटाने अवटू ग्रंथीच्या एका विशिष्ट, आवरणबद्ध आणि न घुसणाऱ्या अर्बुदाचा पुनर्विचार केला. अशा १०९ रुग्णांचा १० ते २६ वर्षांचा वृत्तान्त पाहता एकाही रुग्णात रोग उलटला नव्हता. म्हणून २०१६ मध्ये या विकाराच्या नावातून 'कार्सिनोमा' हा शब्द काढून टाकण्यात आला व त्या जागी 'निओप्लाझम', म्हणजे नवोद्भव, हा शब्द घालण्यात आला. ऊतकाचे रूप कालचेच होते. पेशीत काहीही बदलले नव्हते. केवळ गतीच्या पुराव्यावरून संज्ञा मागे घेतली गेली. अर्थविस्ताराची जी प्रक्रिया १९३२ पासून चालू होती, तिच्या उलट दिशेचा हा बुद्धिपुरस्सर अर्थसंकोच होय. स्तनाच्या दुग्धनलिकांपुरत्या मर्यादित असलेल्या 'स्वस्थानातील' कर्काचे नाव बदलावे की नाही, हा वाद मात्र मिटलेला नाही. कारण त्यांतील काही विकार पुढे निश्चित घुसखोर होतात आणि कोणते होतील, हे रूपावरून आधी सांगता येत नाही.

हा प्रश्न जनुकशास्त्र सोडवील, अशी अपेक्षा होती. बिशप आणि वार्मस यांच्या प्रयोगशाळेने १९७६ मध्ये कर्कजनक विषाणूतील जनुकाचे मूळ निरोगी पेशीतच असल्याचे दाखविले, तेव्हापासून कर्काची व्याख्या जनुकातील बदलांवरून करता येईल असे वाटू लागले. परंतु २०१५ मध्ये पापण्यांच्या निरोगी त्वचेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ ते ३२ टक्के पेशींत कर्काला चालना देणारी उत्परिवर्तने आढळली. ती त्वचा मात्र आपले नित्य कार्य सुरळीत करीत होती. २०१८ मध्ये अन्ननलिकेविषयीही असेच आढळून आले. तेव्हा जनुक हेही शेवटी एक रूपच होय, अधिक सूक्ष्म इतकेच. पेशीभोवतालचे ऊतक, प्रतिकारशक्ती आणि काळ यांच्यावाचून त्यावरून भविष्य वाचता येत नाही.

५

या विवेचनावरून लवकर निदान निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल, आणि त्याचा सबळ पुरावा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व. रा. खानोलकर यांनी मुखाच्या कर्करोगाचा तंबाखू चघळण्याच्या सवयीशी असलेला संबंध अभ्यासिला. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे तेच प्रवर्तक होत. १९६३ मध्ये मुंबईत आणि १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण भागासाठी कर्करोगाच्या नोंदणीस प्रारंभ झाला. या नोंदींतून कोरियाच्या नेमके उलट चित्र पुढे आले : येथील रुग्ण रोग पुष्कळ वाढल्यावर रुग्णालयात येत होते.

या परिस्थितीत मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेली चाचणी उल्लेखनीय आहे. तीत कोणतेही महागडे यंत्र नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावीत आणि ते पांढरे पडते काय, हे साध्या डोळ्यांनी पाहत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेल्या चाचणीत, विषाणूच्या डीएनएची एकच वेळ केलेली परीक्षा मृत्यू सुमारे निम्म्यावर आणते, असे २००९ मध्ये जाहीर झाले. दोन्ही चाचण्यांतील तुलनेच्या गटांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, यावर पुढे तीव्र वाद झाला. हे ज्ञान ज्या स्त्रियांच्या जिवावर मिळाले, त्यांचे ऋण या वादाने अधोरेखित केले.

मुंबईच्या त्याच चाचणीत आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीचा वीस वर्षांचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतील घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हती; पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती जवळजवळ ३० टक्के होती. हातांना लागण्याइतक्या वाढलेल्या गाठीच या परीक्षेत सापडत असल्याने, सापडलेल्या विकाराचे रूप आणि त्याची गती यांत फारसे अंतर पडत नव्हते, असा याचा अर्थ लावता येईल.

६

वरील विवेचनाचे सार असे सांगता येईल. 'कर्करोग' ही संज्ञा मुळात डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराची. सूक्ष्मदर्शकाने ती पेशीच्या रूपाची केली. प्रतिमायंत्रांनी व जनुकपरीक्षांनी तिचे क्षेत्र लक्षणरहित मनुष्यापर्यंत विस्तारले. प्रत्येक टप्प्यावर साधनाने एका क्षणाचे रूप दाखविले आणि शब्दाने त्याला आधीच्या टप्प्यातील रोगाचे भविष्य चिकटविले. जेथे मार्ग सरळ होता, तेथे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या बाबतीत, ही चिकटवणी लाखो स्त्रियांना उपकारक ठरली. जेथे तो सरळ नव्हता, तेथे निरोगी माणसे रुग्ण झाली. दोन्ही ठिकाणी उच्चारला गेलेला शब्द एकच होता, आणि ऐकणाऱ्याच्या मनात त्याने उत्पन्न केलेले भयही एकच होते.

अर्बुद सावकाश वाढते की त्वरेने, मूळ धरते की नाही, एकावर दुसरे उद्भवते काय, असे प्रश्न सुश्रुतसंहितेने विचारले होते. त्यांची उत्तरे देण्याची साधने त्या काळी नव्हती. आज साधने विपुल आहेत. तथापि विचारावयाचे प्रश्न पुष्कळसे तेच आहेत. एखाद्या विकाराला 'कर्क' म्हणावे की न म्हणावे, हा निर्णय पुढील काळात वैद्यकाला वारंवार घ्यावा लागेल, आणि तो घेताना संज्ञेच्या या पूर्वेतिहासाचे भान राखणे त्याला हितावह ठरेल.